न्यायासनाच्या पायऱ्या

(एक सहशिक्षक, बी. ए., बी. एड.)



काही वर्षांपूर्वीची गोष्ट आहे. नववीच्या वर्गात मी नागरिकशास्त्रातील न्यायमंडळाचा पाठ शिकवीत होतो. आमदार कसा निवडून येतो, खासदार कसा निवडून येतो, हे आधीच्या पाठांत होऊन गेले होते. मागच्या बाकावरची एक मुलगी उभी राहिली आणि तिने विचारले, "सर, मग न्यायाधीशाला मत कोण देतं?" वर्ग हसला. कबूल केले पाहिजे की मीही हसलो. "न्यायाधीशाला मत देत नाहीत, त्यांची नेमणूक होते," एवढे सांगून मी पुढच्या मुद्द्याकडे वळलो. ती नेमणूक कोण करतो, कोणाची करतो, त्यासाठी काय शिकावे लागते, हे तिने पुढे विचारले नाही. एकदा हसे झाले की मूल दुसरा प्रश्न विचारीत नाही. आणि खरे सांगायचे तर तिने विचारले असते तरी मला त्या दिवशी नीट उत्तर देता आले नसते.

पुढे पालकसभेला तिचे वडील आले. इतवारीत एका दुकानावर ते हिशेब लिहितात. बोलता बोलता मी त्यांना हा प्रसंग सांगितला. ते म्हणाले, "गुरुजी, डॉक्टर-इंजिनियर कसं व्हायचं ते आम्हांला ठाऊक आहे. जज्ज होणं आपल्यासारख्यांचं काम नव्हे. तिथं वशिला लागतो." हे वाक्य मी आपल्या वस्तीत अनेकदा ऐकले आहे. ते कितपत खरे आहे, हे पाहण्यासाठी मी वाचू लागलो. त्यातून जे हाती आले ते आज आपणांपुढे ठेवीत आहे. त्या मुलीचा प्रश्न टाळल्याची ही उशिरा केलेली भरपाई समजा.

पहिली गोष्ट ही, की तिचा प्रश्न वेडगळ नव्हता. अमेरिकेतील अनेक घटकराज्यांत न्यायाधीश खरोखरच मतदानाने निवडले जातात. मिसिसिपी या राज्याने १८३२ साली आपले सर्व न्यायाधीश लोकांच्या मताने निवडण्यास सुरुवात केली आणि मग इतर राज्यांनी तो कित्ता गिरविला. पुढे तिकडच्याच लोकांना यात धोका दिसू लागला. मते मागणारा न्यायाधीश मते देणाऱ्याला दुखविण्यास कचरणार! म्हणून १९४० साली मिझुरी राज्याने निराळी पद्धत काढली. तेथे एक समिती नावे सुचविते, त्यांतून राज्यपाल नेमणूक करतात आणि काही काळाने हा न्यायाधीश ठेवावा की नाही एवढेच लोकांना विचारले जाते. तात्पर्य, न्यायाधीश कसा निवडावा हा प्रश्न मोठमोठ्या देशांनाही सहज सुटलेला नाही. आपल्या देशाने त्याचे उत्तर कसे शोधले, हे समजून घेण्यासाठी आपल्याला नागपूर सोडून फार लांब जावे लागत नाही.

शब्द आपले, आसन परके

न्यायालयातले शब्द एकदा कान देऊन ऐका. अदालत, वकील, फिर्याद, जामीन, कैद, फैसला, तारीख. हे सारे शब्द अरबी-फारसीतून मराठीत आले आणि घरचे झाले. खालच्या दिवाणी न्यायाधीशाला जुने लोक 'मुन्सफ' म्हणत. मुन्सफ म्हणजे इन्साफ करणारा. कंपनी सरकारच्या अमदानीत न्यायालयांत इंग्रज न्यायाधीशाच्या शेजारी धर्मशास्त्र सांगण्यासाठी मौलवी आणि पंडित बसत. १८६४ च्या कायद्याने ती पदे बंद झाली. त्यानंतर न्यायाच्या आसनावर बसायचे तर इंग्रजी कायद्याचे शिक्षण हाच एक मार्ग उरला. ज्या घरांनी ते शिक्षण लवकर घेतले ती पुढे गेली. ज्यांनी उशीर केला त्यांच्याकडे शब्द राहिले, आसन राहिले नाही.

त्याच सुमारास, म्हणजे १८६१ साली, विलायतेच्या पार्लमेंटने हिंदुस्थानातील हायकोर्टांचा कायदा केला आणि १८६२ मध्ये मुंबईस हायकोर्ट सुरू झाले. न्यायाधीश होण्यास काय पात्रता हवी, हे त्या कायद्यात स्पष्ट लिहिले होते. चार तऱ्हेचे लोक चालत. पाच वर्षांचा अनुभव असलेला बॅरिस्टर. दहा वर्षे नोकरी केलेला आणि त्यांपैकी तीन वर्षे जिल्हा न्यायाधीशाचे काम केलेला सनदी अधिकारी. सदर अमीनाच्या दर्जाचे न्यायपद पाच वर्षे सांभाळलेला माणूस. आणि दहा वर्षे वरिष्ठ न्यायालयात वकिली केलेला वकील. निदान एक-तृतीयांश जागा बॅरिस्टरांच्या आणि निदान एक-तृतीयांश सनदी अधिकाऱ्यांच्या, असेही बंधन होते. सनदी अधिकारी बहुतेक गोरेच असत. बॅरिस्टर व्हायचे तर लंडनला जाऊन राहण्याचा खर्च करावा लागे. हिंदी माणसाला वाट होती, पण ती अशी अरुंद.

त्या अरुंद वाटेनेही माणसे पोहोचली. काशिनाथ त्र्यंबक तेलंग वकिलीतून १८८९ साली मुंबई हायकोर्टाचे न्यायाधीश झाले. महादेव गोविंद रानडे १८७१ साली पुण्यास सबजज्ज म्हणून लागले आणि बावीस वर्षांनी, १८९३ साली, तेलंगांच्या जागी हायकोर्टात बसले. बद्रुद्दीन तय्यबजी १८६७ साली बॅरिस्टर होऊन आले. मुंबईचे ते पहिले हिंदी बॅरिस्टर. १८९५ साली तेही हायकोर्टाचे न्यायाधीश झाले आणि १९०२ साली काही काळ त्यांनी मुख्य न्यायाधीशाचे काम पाहिले. एक वकिलीतून, एक खालच्या न्यायालयातून, एक विलायतेहून. तिघेही सहा वर्षांच्या आत एकाच हायकोर्टात येऊन बसले. विद्यार्थी मित्रांनो, हे तीन मार्ग लक्षात ठेवा. पुढे त्यांतला विलायतेचा मार्ग गळाला आणि बाकीचे दोन आजही चालू आहेत.

नागपूरचे न्यायालय

आपल्या नागपूरची हकीगत थोडी निराळी आहे. तिसरे रघूजी भोसले १८५३ च्या डिसेंबरात वारले आणि इंग्रजांनी राज्य खालसा केले. १८६१ साली मध्य प्रांत बनला. येथे हायकोर्ट नव्हते. ज्युडिशियल कमिशनरचे न्यायालय होते. जिल्ह्यात डेप्युटी कमिशनर साहेब महसूलही वसूल करीत आणि निवाडाही देत. ज्याने सारा वसूल करायचा त्यानेच रयतेची तक्रार ऐकायची, अशी ती रीत होती. प्रांतासाठी हायकोर्ट झाले ते ९ जानेवारी १९३६ रोजी. सर गिल्बर्ट स्टोन हे त्याचे पहिले मुख्य न्यायाधीश. सिव्हिल लाइन्समधील ती भव्य वाळूच्या दगडाची घुमटाकार इमारत आपण सर्वांनी बाहेरून पाहिली आहे. तिचे उद्घाटन जानेवारी १९४० मध्ये व्हाइसरॉय लॉर्ड लिनलिथगो यांच्या हस्ते झाले.

आता या इमारतीशी जोडलेले एक नाव घेतो, जे आपल्या मुलांना पाठ असले पाहिजे. ते नाव म्हणजे मोहम्मद हिदायतुल्ला.

त्यांचा जन्म १७ डिसेंबर १९०५ चा. शालेय शिक्षण रायपूरच्या सरकारी शाळेत, कॉलेजचे शिक्षण आपल्या नागपूरच्या मॉरिस कॉलेजात. तेथून ते केंब्रिजला गेले आणि १९३० साली लंडनच्या लिंकन्स इनमधून बॅरिस्टर झाले. त्याच वर्षी जुलैत नागपूरला परतून त्यांनी वकिली सुरू केली. वकिली करीत असतानाच १९३५ पासून आठ वर्षे त्यांनी नागपूरच्या विद्यापीठ विधि महाविद्यालयात विद्यार्थ्यांना कायदा शिकविला. डिसेंबर १९४२ मध्ये ते सरकारी वकील झाले आणि पुढच्या वर्षी प्रांताचे ॲडव्होकेट जनरल. १९४६ साली, वयाच्या एक्केचाळिसाव्या वर्षी, नागपूर हायकोर्टाचे न्यायाधीश. डिसेंबर १९५४ मध्ये त्याच न्यायालयाचे मुख्य न्यायाधीश. १९५६ साली राज्यांची पुनर्रचना झाली, तेव्हा हायकोर्ट जबलपूरला गेले आणि तेही नव्या मध्य प्रदेशाचे मुख्य न्यायाधीश म्हणून तिकडे गेले. डिसेंबर १९५८ मध्ये ते सर्वोच्च न्यायालयात पोहोचले आणि २५ फेब्रुवारी १९६८ रोजी भारताचे सरन्यायाधीश झाले. १९६९ च्या उन्हाळ्यात राष्ट्रपती झाकिर हुसेन यांचे निधन झाले आणि उपराष्ट्रपतींनी राजीनामा दिला, तेव्हा महिन्याभरासाठी हंगामी राष्ट्रपतिपदाची जबाबदारीही त्यांनीच सांभाळली. पुढे १९७९ ते १९८४ ते देशाचे उपराष्ट्रपती होते.

हे सांगताना एक गोष्ट लपविणे बरे नव्हे. हिदायतुल्ला गरिबाघरचे नव्हते. आजोबा वकील, वडील सरकारी अधिकारी. मुलाला विलायतेस पाठविण्याची त्या घराची ऐपत होती. त्यांचे चरित्र मुलांना सांगताना आपण हे वगळतो, आणि मग एखादे चुणचुणीत मूल मनात म्हणते, हे आपल्याला कुठले जमायला! म्हणून विचारायचे ते असे : हिदायतुल्लांच्या घरी जे होते ते ज्यांच्या घरी नाही, त्यांच्यासाठी १९५० च्या राज्यघटनेने काय केले?

घटनेने काय बदलले

घटनेने पहिली गोष्ट ही केली, की विलायतेची अट संपली. सनदी अधिकाऱ्यांसाठीची वेगळी पात्रता संपली. उच्च न्यायालयाचा न्यायाधीश होण्यास अनुच्छेद २१७ प्रमाणे दोनच मुख्य पात्रता उरल्या : माणूस भारताचा नागरिक असावा, आणि त्याने भारतात दहा वर्षे न्यायपदावर काम केलेले असावे किंवा उच्च न्यायालयात दहा वर्षे वकिली केलेली असावी. १८६१ च्या कायद्यातली वकिलाची दहा वर्षे तेवढी टिकून राहिली, हे आपल्या ध्यानात आले असेलच.

दुसरी गोष्ट खालच्या न्यायालयांची. अनुच्छेद २३३ ते २३७ हे त्यांच्यासाठी आहेत. जिल्हा न्यायाधीशाची नेमणूक राज्यपाल करतात, पण उच्च न्यायालयाशी विचारविनिमय करून. वकिलांतून थेट जिल्हा न्यायाधीश व्हायचे तर निदान सात वर्षांची वकिली आणि उच्च न्यायालयाची शिफारस लागते. त्याखालच्या न्यायाधीशांची भरती राज्य लोकसेवा आयोग आणि उच्च न्यायालय यांच्या सल्ल्याने केलेल्या नियमांनुसार होते. आणि हे सगळे न्यायाधीश उच्च न्यायालयाच्या नियंत्रणाखाली राहतात, मंत्र्याच्या किंवा कलेक्टरच्या नव्हे. डेप्युटी कमिशनर साहेबांनी वसुलीही करायची आणि निवाडाही द्यायचा, ही जुनी रीत १ एप्रिल १९७४ पासून लागू झालेल्या फौजदारी प्रक्रिया संहितेने कायद्याच्या पुस्तकातूनही काढून टाकली. न्यायदंडाधिकारी आणि कार्यकारी दंडाधिकारी हे वेगळे झाले.

म्हणजे आज न्यायासनाकडे जाणारे तीन दरवाजे आहेत. एकेक पाहू.

पहिला दरवाजा : परीक्षा

हा दरवाजा दिवाणी न्यायाधीश, कनिष्ठ स्तर आणि प्रथम वर्ग न्यायदंडाधिकारी या पदाचा. जुन्या मुन्सफाचा हा वारस. महाराष्ट्रात या पदाची परीक्षा महाराष्ट्र लोकसेवा आयोग घेतो. राज्याचे २००८ चे नियम पाहिले तर त्यात आधी प्राथमिक परीक्षा आहे. ती चाळणी आहे. मग मुख्य परीक्षेचे दोन पेपर, प्रत्येकी शंभर गुणांचे. त्यानंतर मुलाखत पन्नास गुणांची. पालकांनी हा हिशेब जरा मांडून पाहावा. दोनशे गुण अशा उत्तरपत्रिकेचे, जिथे तपासणाऱ्याला आपल्या मुलाचे नाव दिसत नाही, आडनाव दिसत नाही, मोहल्लाही दिसत नाही. वशिल्याची सारी शंका धरली तरी ती उरलेल्या पन्नासांपुरतीच. इतक्या मोठ्या पदाचा इतका उघडा दरवाजा आपल्या वस्तीपासून तासाभराच्या अंतरावर असताना आपण त्याच्याकडे पाहिलेसुद्धा नाही.

शिक्षण काय लागते? कायद्याची पदवी. बारावीनंतर पाच वर्षांचा अभ्यासक्रम, किंवा कोणतीही पदवी घेऊन नंतर तीन वर्षांचा. विज्ञान शाखाच हवी असे मुळीच नाही. कला शाखेचा विद्यार्थी येथे कोणाच्याही मागे नाही. आणखी एक अट आहे, जी उर्दू माध्यमाच्या पालकांनी काळजीपूर्वक वाचावी. उमेदवाराला मराठी बोलता, वाचता, लिहिता आले पाहिजे आणि मराठीतून इंग्रजीत व इंग्रजीतून मराठीत सहज भाषांतर करता आले पाहिजे. १९९८ पासून काही अपवाद सोडता जिल्हा व तालुका न्यायालयांची भाषा मराठी आहे. "मराठी पास होण्यापुरती आली की पुरे," असे आपण आठवीत म्हणतो, तेव्हा आपण मुलासाठी हा दरवाजा नकळत लावून घेत असतो. उर्दू घरची भाषा आहे, ती जपावीच. परंतु मराठी ही इन्साफ मागण्याची आणि देण्याचीही भाषा आहे, हे विसरून चालणार नाही.

शासनाच्या नियमानुसार या भरतीत मागासवर्गीयांसाठी जागा असतात. मोमीन-अन्सारी, पिंजारी, बागवान अशा अनेक जमाती राज्याच्या इतर मागासवर्गीयांच्या यादीत आहेत. परंतु कितीतरी घरांत जातीचा दाखला काढलेलाच नसतो आणि जाहिरात निघाल्यावर धावपळ सुरू होते. तो दाखला मुले शाळेत असतानाच काढून ठेवावा.

एक प्रश्न मात्र तीस वर्षे हेलकावे खात राहिला. कायद्याची पदवी घेतल्याबरोबर परीक्षेला बसू द्यावे, की आधी काही वर्षे वकिली केलेली असावी? १९९३ साली सर्वोच्च न्यायालयाने तीन वर्षांची वकिली आवश्यक ठरविली. २००२ साली, न्यायमूर्ती जगन्नाथ शेट्टी आयोगाच्या शिफारशीनंतर, ती अट काढली, कारण तीन वर्षे वकिली केल्यावर हुशार मुलांना न्यायसेवेचे आकर्षण उरत नव्हते. २० मे २०२५ रोजी सर्वोच्च न्यायालयाने पुढच्या भरतींसाठी ती अट परत आणली. ज्याने कोर्टात पक्षकाराचा चेहरा पाहिला नाही त्याने पहिल्याच दिवशी लोकांच्या मालमत्तेचे आणि स्वातंत्र्याचे निवाडे करू नयेत, असा त्यामागचा विचार. तात्पुरती सनद मिळाल्या दिवसापासून ही वर्षे मोजली जातात, आणि न्यायाधीशांचा विधि-लिपिक म्हणून केलेले कामही धरले जाते.

विचार योग्य आहे. पण आपल्या घरांसाठी त्याचा अर्थ काय, हे स्पष्ट सांगितले पाहिजे. नव्या वकिलाला पहिली काही वर्षे फारशी मिळकत नसते. काळा कोट घालून मुलगा किंवा मुलगी रोज कोर्टात जाईल आणि घरी मात्र जेमतेम येण्याजाण्याचा खर्च आणील. ज्या घरात महिन्याचा पगार महिन्यालाच संपतो, त्या घराला ही तीन वर्षे जड जाणार. आमच्यासारख्या शिक्षणसंस्थांनी, जमातीतल्या व्यापाऱ्यांनी आणि ज्येष्ठ वकिलांनी येथेच हात पुढे केला पाहिजे. शिष्यवृत्ती आपण दहावी-बारावीला देतो. कायद्याची पदवी घेतलेल्या होतकरू मुलाला तीन वर्षे थोडा आधार दिला, तर त्याचे फळ फार मोठे आहे.

दुसरा दरवाजा : जिल्हा न्यायाधीश

जिल्हा न्यायाधीशांच्या बहुतेक जागा खालच्या न्यायाधीशांना बढती देऊन आणि खात्यांतर्गत परीक्षेने भरल्या जातात. पण पंचवीस टक्के जागा थेट भरतीच्या आहेत आणि ती परीक्षा उच्च न्यायालयामार्फत होते. आजवर या जागा केवळ वकिलांसाठी समजल्या जात. ९ ऑक्टोबर २०२५ रोजी सर्वोच्च न्यायालयाच्या घटनापीठाने ठरविले की वकिली आणि न्यायसेवा मिळून सात वर्षे झालेला न्यायिक अधिकारीही या जागांसाठी स्पर्धा करू शकतो. वय निदान पस्तीस हवे. म्हणजे ज्याने पहिल्या दरवाजाने प्रवेश केला त्याला दुसराही उघडा झाला.

तिसरा दरवाजा : उच्च न्यायालय

या दरवाजावर परीक्षेची पाटी नाही. अर्जही नाही, जाहिरातही नाही. उच्च न्यायालयाचे मुख्य न्यायाधीश आणि दोन ज्येष्ठ न्यायाधीश नावे सुचवितात. राज्य शासनाचे मत घेतले जाते, केंद्र सरकारकडे कागद जातात, दिल्लीस सरन्यायाधीश आणि दोन ज्येष्ठ न्यायाधीश त्यावर विचार करतात आणि शेवटी राष्ट्रपती नेमणूक करतात. अंतिम शब्द सरकारचा की न्यायाधीशांचा, यावर मोठा वाद झाला. १९८१ च्या निकालाने सरकारचे पारडे जड ठेवले. १९९३ आणि १९९८ च्या निकालांनी ते न्यायाधीशांकडे झुकविले. संसदेने यासाठी आयोग नेमण्याची घटनादुरुस्ती केली, ती ऑक्टोबर २०१५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने रद्द ठरविली. बंद दाराआड चालणाऱ्या या पद्धतीवर टीका होते, आणि ती सगळीच चुकीची नाही. वकिलांच्या घरची मुले या दरवाजापर्यंत लवकर पोहोचतात, हेही कोणी नाकारणार नाही.

तरीही येथे पाहण्यासारखे एक आहे. हिदायतुल्ला १९४२ साली नागपूरला सरकारी वकील झाले आणि मग न्यायाधीश. अमरावतीत जन्मलेले न्यायमूर्ती भूषण गवई यांनी १९८५ साली वकिली सुरू केली, २००० साली ते नागपूर खंडपीठात सरकारी वकील झाले, २००३ साली उच्च न्यायालयाचे न्यायाधीश, आणि १४ मे २०२५ रोजी भारताचे सरन्यायाधीश. तीन वर्षांच्या वकिलीचा आणि त्यानंतरचा घटनापीठाचा असे वर सांगितलेले दोन्ही निकाल त्यांच्याच अध्यक्षतेखालील पीठांचे आहेत. सुमारे साठ वर्षांच्या अंतराने त्याच शहरातील सरकारी वकिलाच्या जागेवरून ही दोन माणसे वर गेली. आपल्याच शहराचे न्यायमूर्ती शरद बोबडे हेही २०१९ ते २०२१ या काळात सरन्यायाधीश होते. या दरवाजावर पाटी नसली तरी त्याच्याकडे जाणारी वाट दिसते : एका न्यायालयात वर्षानुवर्षे उभे राहणे, आणि ज्यांना पुढे नाव सुचवायचे आहे त्यांच्या डोळ्यांदेखत चोख काम करणे. जो वकिलीत उतरलाच नाही, त्याच्या नावाचा विचार कोण करणार?

एका मुलीची गोष्ट

पहिल्या दरवाजाने आत गेलेला माणूस कुठवर जाऊ शकतो? केरळातील एम. फातिमा बीवी यांचे उदाहरण पाहा. वडील नोंदणी खात्यात नोकरीला होते. त्याच भागात ॲना चँडी नावाच्या बाई न्यायाधीश झाल्या होत्या. त्यांच्याकडे पाहून या वडिलांनी आपल्या मुलीला कायदा शिकायला घातले. १९५० मध्ये सनदेच्या परीक्षेत ती पहिली आली. १९५८ साली ती मुन्सफ झाली. तेथून सबजज्ज, मुख्य न्यायदंडाधिकारी, १९७४ मध्ये जिल्हा न्यायाधीश, १९८३ मध्ये उच्च न्यायालयात, आणि ६ ऑक्टोबर १९८९ रोजी भारताच्या सर्वोच्च न्यायालयातील पहिली महिला न्यायाधीश. मुन्सफ ते सर्वोच्च न्यायालय, एकेक पायरी, एकतीस वर्षे! घरी बॅरिस्टरी नव्हती, विलायत नव्हती. एका सरकारी नोकराने एका बाईला न्यायासनावर पाहिले आणि आपली मुलगीही तेथे बसू शकेल असे त्याच्या मनात आले, एवढीच त्या घरची पुंजी.

पालकहो, इतवारीतले ते हिशेबनीस म्हणाले होते की तिथे वशिला लागतो. इतका इतिहास पाहिल्यावर माझे उत्तर असे आहे. एका दरवाजावर पाटी नाही, तेथे ओळखीचा उपयोग होत असेल. त्याची तक्रार जरूर करावी. पण ज्या दरवाजावर मोठ्या अक्षरांत पाटी लावली आहे, तेथे आपण अजून रांगेतही उभे राहिलेलो नाही. आपली मुले तेथे उभीच नसतील, तर अन्याय झाला असे आपण कोणत्या तोंडाने म्हणणार?

म्हणून शेवटी काही साध्या सूचना. आठवीपासून मराठी आणि इंग्रजी दोन्ही लिहायला बसवा. दाखले वेळेत काढा. बारावीनंतर विधि महाविद्यालयाचाही विचार करा. नागपुरात विद्यापीठाचे विधि महाविद्यालय आहे, राष्ट्रीय विधी विद्यापीठही आहे. भरतीचे नियम बदलत असतात, तेव्हा ऐकीव गोष्टींवर न जाता आयोगाची जाहिरात स्वतः वाचा. आणि एकदा तरी मुलांना जिल्हा न्यायालयात घेऊन जा. फिर्यादी किंवा आरोपी म्हणून नव्हे, पाहणारे म्हणून. न्यायालयाचे काम उघड्यावर चालते. मागच्या बाकावर शांतपणे बसण्यास कोणाची हरकत नसते.

ती मुलगी आता शाळा सोडून गेली आहे. तिने पुढे काय निवडले ते तिचे तिला ठाऊक. पण या वर्षी न्यायमंडळाचा पाठ आला तेव्हा मी तो तिच्याच प्रश्नाने सुरू केला. "न्यायाधीशाला मत कोण देतं?" असे मी फळ्यावर लिहिले आणि वर्गाला म्हणालो, हा फार चांगला प्रश्न आहे. या वेळी कोणी हसले नाही. तास संपला तेव्हा चौघांनी हात वर केले होते, आणि त्यांतल्या तिघी मुली होत्या.